हात मागे घ्यायचा धडा

कडीमावशीला कडीमावशी म्हणायचे, कारण ती लावलेली कडी पुन्हा एकदा ओढून बघायची, चार पावलं पुढे जायची आणि परत येऊन आणखी एकदा ओढायची. जिन्यातल्या शेजारणी हसायच्या. हसू देत. तिचं म्हणणं साधं होतं: कडी लोखंडाची आहे, तिचं काही नाही, पण लावणारा हात माणसाचा आहे.

भाजीवाल्याने एखादी जुडी वर टाकली की इतर बायका पिशवी पुढे करतात. ही विचारायची, "आजच का बरं?" भाजीवाला बिचारा गोंधळून जायचा. डॉक्टरने "ठणठणीत आहात" म्हटलं की ही दुसऱ्या डॉक्टरकडे जायची, पहिला काय लपवतोय ते बघायला. बसचा ड्रायव्हर हसून "या" म्हणाला, तर आरशातून त्याचं तोंड दिसेल अशीच जागा धरायची. तिची लेक कॉलेजात जाणारी, जिभेची तिखट. ती म्हणायची, "आई, तुझी सावली सारखी तुझ्या मागे येते, तिची पण चौकशी करून टाक एकदा."

"कर, चेष्टा कर," मावशी म्हणायची. "चेष्टा करायला इथे राहायला मिळतंय ते माझ्या चौकशांमुळेच."

आणि ते अगदीच खोटं नव्हतं. या परक्या मुलखात त्यांना ज्या एजंटाने आणलं तो भारी गोड माणूस. विमानतळावरून बाहेर पडल्या पडल्या म्हणाला, "वहिनी, पासपोर्ट माझ्याकडे द्या, इथे चोऱ्या फार होतात." नवऱ्याने तिघांचे पासपोर्ट काढून दिले आणि वर त्याचेच आभार मानले. पुढे कितीतरी दिवस तो म्हणेल तिथे राहायचं, तो म्हणेल ते काम करायचं, आणि पासपोर्टचं विचारलं की "उद्या देतो". शेवटी पासपोर्ट हाती आले तेव्हा नवरा इतका विटला होता की तो मायदेशी निघून गेला. आधी फोन यायचे, मग कधीमधी, मग तेही बंद. मावशी राहिली, लेकीला घेऊन. तेव्हापासून आपलं कामाचं ओळखपत्र तिने कुणाच्या हातात म्हणून दिलं नाही. फाटकावर दाखवायची वेळ आली तर दोन बोटांत घट्ट धरून दाखवायची, आणि समोरच्याने ओढलं तर तीही ओढायची.

ती चादरींच्या कारखान्यात होती. गावभरच्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. दिवसभर वाफ, साबणाचा उग्र वास आणि यंत्रांची घरघर. गरम रुळांमधून चादर कडक होऊन बाहेर पडली की ती दोघींनी मिळून घडी घालायची. एकीने टोकं पुढे करायची, दुसरीने घ्यायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, की पुढची चादर. यात बोलायचीही गरज पडत नाही. समोरून कापड आलं की हात आपोआप उठतात. घरीसुद्धा लेकीने टॉवेल नुसता झटकला तरी मावशीचे हात त्याची टोकं पकडायला जायचे.

त्या मुलखातला कायदा असा, की एकाच मालकाकडे सलग काही वर्षं काम केलं की कायमचं राहायला मिळतं आणि मागे राहिलेल्या घरच्यांना आणता येतं. मालक बदलला की सगळी पाटी कोरी, पुन्हा पहिल्यापासून. मावशीची वर्षं भरत आली होती. म्हणून ती कारखान्यात अशी वागायची, जशी काचेची बरणी घेऊन गर्दीतून चालली आहे.

तरीही रविवारी दुपारी ती चाव्यावाल्याच्या दुकानामागच्या माडीवरच्या खोलीत जायची, हेच एक आश्चर्य. कारखान्यातल्या आपल्या बोलीच्या बायका तिथे जमायच्या. हे सगळं सुरू केलं शिलाईवालीने, म्हणजे फाटक्या चादरी शिवणाऱ्या बाईने. तिथे कुणी एक बाई शिकवणारी नव्हती. जिला जे येतं ते तिने बाकीच्यांना सांगायचं, अशी रीत. कुणी तिथल्या लिपीतली अक्षरं वाचायला शिकवली, कुणी दवाखान्यात दुखणं कसं सांगायचं ते. शिलाईवालीला कामगार कचेरीतलं सगळं ठाऊक होतं, कुठल्या खिडकीवर जायचं आणि तिथला माणूस "उद्या या" म्हणाला तर काय म्हणायचं. एकेकीने आपापली घडीची चादर आणायची, फरशीवर अंथरायची आणि गोल करून बसायचं.

मावशी पहिल्यांदा गेली ती खरं तर हे काय गौडबंगाल आहे ते बघायला. फुकट शिकवतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. पाणी काही सापडलं नाही, आणि ती तिथलीच होऊन बसली. खोली चाव्यावाल्याची घ्यायची हे तिनेच ठरवलं होतं. तो म्हातारा भलत्याच देशातून आलेला, त्याला यांची बोली ओ की ठो कळत नव्हती. "ज्याला कळतच नाही तो सांगणार काय कुणाला?" आणखी एक नियम तिचाच: खोलीत खरं नाव घ्यायचं नाही. नुसतं शिलाईवाली, उंच, मधली, कडीमावशी. "नाव माहीत नसेल तर दबावाखाली तोंडातून निघणारही नाही," असं ती म्हणायची. बायकांना आधी हसू आलं, मग सवय झाली. आणि रविवारी दाराशी बसायचं काम अर्थातच तिचं.

मग मालकाने अर्धं काम एका ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. कामगारांना सांगितलं कुणीच नाही. फक्त मुकादमाच्या खोलीत पोपटी कोटांचा गठ्ठा आला. मुकादम आपलाच माणूस, आपल्याच बोलीचा, आणि म्हणूनच मावशीला तो सगळ्यांत घातक वाटायचा. जिभेवर साखर, बोलण्यात ताई-माई. तो एकेकीला बोलवायचा आणि म्हणायचा, "ताई, नवा कोट आलाय, घालून बघा बरं, मापात आहे का." कोट घातला की एक फोटो. बस्स. तो कोट ठेकेदाराचा होता. फोटो काढला की बाई स्वखुशीने ठेकेदाराकडे गेली असं कागदावर ठरायचं, तिची जुनी नोकरी संपली, वर्षं गेली, आणि वर ठेकेदाराच्या दूरच्या कारखान्यात, त्याच्या वसतिगृहात जाऊन राहायचं. शिलाईवालीने कचेरीतून ही खबर आणली तेव्हा खोलीत सगळ्यांच्या पायाखालची वाळू सरकली.

"सोपं आहे," उंच म्हणाली. "कोट घ्यायचा नाही."

"सोपं?" मावशी उठली. "ये, उभी राहा. मी मुकादम." आणि तिने आपला स्वेटर पुढे केला, अगदी त्याच्यासारखी मान वाकडी करून. "ताई, बघा बरं मापात आहे का." उंचचे हात गेले की पुढे! तिने स्वेटरची दोन टोकं धरलीसुद्धा, घडी घालायला निघाल्यासारखी. सगळ्या खो खो हसल्या. पण एकेकीला उभं केलं तेव्हा प्रत्येकीचं तेच झालं. तोंड "नको" म्हणत होतं आणि हात कापड घेत होते. इतकी वर्षं समोर आलेलं कापड धरून धरून हातांनी डोक्याचं ऐकायचं सोडून दिलं होतं.

मग मावशीने धडा बसवला. समोरच्याने कापड पुढे केलं रे केलं की एक पाऊल मागे, दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरायचं, आणि म्हणायचं, "विचारून सांगते." दुपारभर तिने मुकादम होऊन सगळ्यांना स्वेटर दाखवला. गोड बोलून, रागावून, अचानक पाठीमागून. शेवटी कुणाचाच हात पुढे येईना, तेव्हा कुठे तिने कडी काढली. जिना उतरताना तिला स्वतःचाच अभिमान वाटत होता. उगाच कशाला खोटं बोला, खूप वाटत होता.

त्या दिवशी हसरीपण होती.

हसरी नवीनच लागली होती, घडीच्या रांगेत शेवटची. कशालाही हसायची. मुकादम खेकसला तरी हसायची, चादर हातातून निसटली तरी हसायची. मावशीने पहिल्या दिवशीच ठरवलं, जी बाई शिव्या खाऊनही हसते तिचं काहीतरी वेगळं चाललंय. पुढे कळलं की ही दिराच्या घरी राहते आणि तो दीर मुकादमाची गाडी चालवतो. झालं! मावशीच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. त्यात ही बाई खोलीत येऊन विचारायची, "पुढच्या रविवारी किती वाजता? किती वेळ चालेल? आणि कोण कोण येणारेय?" एवढ्या चौकशा चांगल्या माणसाला कशाला लागतात? मावशी स्वतः दिवसभर चौकशा करायची ही गोष्ट वेगळी.

खरं काय ते हसरीने सांगून टाकलं होतं, सगळ्यांसमोर. दिराला हे चालणारं नव्हतं, म्हणून घरी कारण ठरवून यावं लागायचं, आणि "अमकीकडे गेले होते" म्हणायला एखादी सोबतीण लागायची. तिची चिमुरडी मायदेशी आजीजवळ होती. वर्षं भरली की तिला आणायचं. फोनवर ती पोर विचारायची, "आई, तू येतेस की मी येऊ?" हे सांगतानाही हसरी हसली. शिलाईवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीच्या मनात आलं, पोरीची गोष्ट सांगून माणसं बरी पघळवता येतात.

पुढच्या आठवड्यात मुकादमाने रविवारच्या खोलीतल्या बायकांना बोलवायला सुरुवात केली. पहिली गेली, कोट न घेता आली. दुसरी आली, तिसरी आली. जेवणाच्या सुट्टीत बायकांचे चेहरे नुसते फुलले होते. चौथी मात्र आत गेली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली.

"काय झालं?"

"मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं गं. त्याने कोट उचलला, आणि मला म्हणाला, ताई, आता हात मागे घ्याल ना? कुणी शिकवलं हे?"

हात मागे घ्यायचं फक्त खोलीतल्या बायकांना ठाऊक होतं. भिंतींना सोडलं तर दुसऱ्या कुणाला नाही, आणि चाव्यावाल्याला तर बोलीच येत नव्हती. म्हणजे आतलंच कुणीतरी फितूर. मावशीला विचार करायला क्षणभरही लागला नाही.

"गाडीवाल्याची भावजय," ती म्हणाली.

"मावशी, उगाच कुणावर आळ नको," शिलाईवाली म्हणाली.

"आळ? मुकादमाच्या गाडीत तिचा दीर बसतो, तो रोज घरी जातो, ही त्याला जेवायला वाढते. आणखी काय पुरावा हवा, तिने स्टॅम्प मारून द्यायचा?"

प्रत्येकीच्या मागे कुणीतरी होतं ज्याला आणायचं होतं किंवा ज्याच्यासाठी राहायचं होतं. भीतीपुढे कुणाचं काय चालतं. शिलाईवालीही शेवटी गप्प बसली.

रविवारी मावशीने कडी लावली, ओढून बघितली, आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. थोड्या वेळाने टकटक झालीच.

"अगं, मी आहे. कडी काढा की!"

आत सगळ्या आपापल्या चादरीवर बसलेल्या. कुणी हललं नाही.

"मावशी? अगं, सगळ्यांचे जोडे बाहेर दिसतायत मला!" आणि ती हसली. मग जरा थांबली. मग पुन्हा टकटक, हळूच. "झोपलात की काय सगळ्या?" हे म्हणताना मात्र तिला हसता आलं नाही. तिची पावलं जिना उतरून गेली. मधली रडायला लागली तेव्हा मावशीने तिला दटावलं.

त्या दिवशीचा धडा असा होता. शिलाईखात्यात आणखी कोट आले होते, पण हे पोपटी नव्हते. अगदी रोजच्यासारखे पांढरे, फरक फक्त खिशावरच्या बोटभर शिक्क्याचा, तो ठेकेदाराचा. शिलाईवालीला त्यांना अडकवायच्या नाड्या शिवायला सांगितल्या होत्या. "म्हणजे हे हातात देणार नाहीत," ती म्हणाली. "एका सकाळी आपले जुने कोट काढून त्याच खुंट्यांवर हे टांगणार. आपण न बघता घालणार आणि ते फोटो काढणार." उपाय मावशीने सांगितला: उद्यापासून संध्याकाळी आपला कोट घडी घालून पिशवीत, कपड्यांच्या खाली. सकाळी घरूनच घालून यायचं. "आणि तिच्या देखत पिशवी भरायची नाही," ती म्हणाली. तिच्या म्हणजे कुणाच्या ते सांगायची गरज नव्हती.

सोमवारी, मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी मावशी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली. कुणी नसताना जागा बघून ठेवायची तिची खोड जुनीच. कोटघराच्या दाराच्या फटीतून तिने डोळ्यांनी बघितलं: मुकादमाचा माणूस खुंट्यांवरचे उरलेसुरले कोट पोत्यात भरतोय आणि नवे टांगतोय. बायका आल्या, घरूनच कोट घालून, आणि खुंट्यांकडे न बघता सरळ रुळांकडे गेल्या. मुकादम हातात फोन घेऊन उभा होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

शेवटी हसरी आली. तिने आपल्या खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला आणि बटणं लावत वळली. मुकादमाने फोन वर केला. "ताई, नव्या ओळखपत्रासाठी फोटो. हसा बघू." आणि ती हसली.

मावशी रुळांपाशी उभी होती. तिला बरं वाटलं, हेही सांगून टाकायला हवं. तिच्या मनात आलं, बघा, ज्यांची होती त्यांच्याकडेच गेली. दुपारी हसरीला कुणीतरी शिक्का दाखवला तेव्हा तिने दोन्ही हातांनी तो खिसा धरला, आणि तिच्या तोंडावरचं सगळं विझलं. "पण मला कुणी सांगितलं नाही," एवढंच ती म्हणत राहिली, एकेकीकडे बघत. बायका चादरींकडे बघत होत्या. मावशीला वाटलं, नाटक छान वठवतेय.

संध्याकाळी मुकादमाने मावशीलाच बोलावलं. तो थकलेला होता, साखर संपली होती. त्याने काही न बोलता पोपटी कोट उचलून तिच्यापुढे केला. मावशीचं एक पाऊल मागे गेलं, हात पाठीमागे गेले, मनगट धरलं गेलं. मुकादम हसायला लागला.

"तुम्हीपण? अहो, काय हे! पहिलीने हात मागे घेतले, मला वाटलं लाजतेय. दुसरीने घेतले. तिसरीने तसंच एक पाऊल मागे, तसंच मनगट, तेच 'विचारून सांगते'. शाळेतली पोरं पाढे म्हणतात तशा! तेव्हाच कळलं, यांचा कुठेतरी वर्ग भरतो."

मावशीने खडा टाकून बघितला. "आणि तुमच्या गाडीवाल्याच्या घरून काही कळलं नसेल, नाही का?"

"ती? तिला विचारून विचारून दमलो. काय शिकवतात, कुठे भरतं, कोण असतं. नुसती हसते! आज मात्र कामी आलं तिचं हसणं. स्वखुशीचा फोटो असा पाहिजे. शनिवारी जाईल गाडीने तिकडच्या वसतिगृहात."

मुकादमाच्या खोलीतून बाहेर पडताना मावशीने स्वतःला समजावलं, हा खोटं बोलतोय. आपल्या माणसाला वाचवायला खोटं बोलणारच. तिला ते खरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. दुसऱ्या दिवशी तिने आपला स्वेटर काढला आणि कारण नसताना उंचपुढे धरला. एक पाऊल मागे, हात पाठीमागे, मनगट. मधलीपुढे धरला. एक पाऊल मागे, हात, मनगट. रांगेतल्या पाचव्या बाईपर्यंत ती पोचली तेव्हा तिने स्वेटर खाली घेतला. एकीच्याही उभं राहण्यात केसाचा फरक नव्हता. आणि ते उभं राहणं त्यांचंही नव्हतं, तिचं होतं. असं मनगट धरायची सवय तिची, पासपोर्ट गेला तेव्हापासूनची. फितूर कुणी नव्हतंच. धडाच इतका पक्का झाला होता की तो लपणार कुठे!

"अगं बाई," ती म्हणाली. "अगं बाई गं, काय केलं मी हे."

ती तशीच शिलाईखात्यात गेली आणि सगळं सांगितलं. शिलाईवालीने मशीन थांबवलं. तिने मावशीला बोल लावला नाही, आणि मावशीला तेच जास्त लागलं. "फोटो रद्द होतो," ती म्हणाली. "मी याआधी करून घेतलाय. पण शुक्रवारपर्यंत कचेरीत जायला हवं, आणि कोट बदलताना डोळ्यांनी बघितलेलं कारखान्यातलं माणूस हवं. साक्षीला. खऱ्या नावाने, ओळखपत्र दाखवून. मालकाला ते नाव कळतं, हे लक्षात ठेव. नोकरी टिकेलच असं मी कुणाला सांगणार नाही. कोणी बघितलं ते?"

कोणी बघितलं ते मावशीला ठाऊक होतं.

घरी ती लेकीसमोर येऊन बसली. मग म्हणाली, "माझी वर्षं भरायला आलीयत. तुझं कॉलेज आहे." लेकीने पूर्ण हकीकत ऐकली आणि या वेळी तिखट काही बोलली नाही. "मला विचारतेयस की सांगतेयस?" एवढंच म्हणाली. मावशीने चपला घातल्या. लेकीला आतून कडी लावायला सांगितलं, आणि जिना उतरून गेली तेव्हा दार ओढून बघायचं राहून गेलं होतं.

हसरीच्या दिराची गाडी खाली नव्हती, म्हणजे तो घरी नव्हता. मावशीने दार वाजवलं.

"कोण?"

"मी. कडीमावशी."

दाराच्या फटीखाली दोन पायांची सावली दिसत होती, ती हलली नाही. मावशी पुन्हा वाजवणार होती, पण तिचा हात वर जाईना. ती तिथेच पायरीवर बसली.

"उघडू नकोस," ती दाराला म्हणाली. "उघडावं असं मी काही केलेलं नाही. पण तुझा रविवारचा धडा राहिलाय, तो ऐक." आणि तिने सांगायला सुरुवात केली. पांढरे कोट, बोटभर शिक्का, खुंट्या, पिशवी. मग मुकादम काय म्हणाला ते. मग फितूर कुणीच नव्हतं ते, आणि हात मागे घेणं सगळ्यांना कुणी शिकवलं होतं ते. वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकून ऐकायला लागली. एरवी मावशी तिथून पळाली असती. "फोटो रद्द होतो," ती आणखी मोठ्याने म्हणाली. "उद्या कचेरीत जायचं. कोट टांगताना मी बघितलंय. साक्षीला मी येते."

मग आतून आवाज आला. त्यात हसू कुठेच नव्हतं.

"कशावरून?"

मावशी दाराच्या आणखी जवळ सरकली.

"कशावरून येशील? मुकादमानेच पाठवलं असेल तुला. मला उद्या कचेरीत नेशील, आणि तिथे आणखी काहीतरी घालायला लावशील. मला तुझं नावसुद्धा माहीत नाही."

हे सगळं मावशीचंच बोलणं होतं. वर्षानुवर्षं तिने लेकीला, भाजीवाल्याला, डॉक्टरला, सगळ्या जगाला हेच ऐकवलं होतं. दाराच्या पलीकडून ते असं ऐकू येतं हे तिला आज कळलं. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

मग तिने चोळीच्या आतून ओळखपत्र काढलं. फाटकावर दोन बोटांत धरायची तसंच ते धरलं, खाली वाकली, आणि दाराच्या फटीतून आत सरकवलं. पलीकडून कुणीतरी ते ओढलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने परत ओढलं नाही, सोडून दिलं.

आत हसरी जमिनीवर बसल्याचा आवाज आला. तिला तिथली लिपी नुकती कुठे यायला लागली होती, रविवारच्या खोलीतच शिकलेली. ती एकेक अक्षर लावत, अडखळत, चुकलं की मागे जाऊन, मावशीचं पूर्ण नाव मोठ्याने वाचायला लागली. वरच्या मजल्यावरच्या बाईनेही ते ऐकलं. मावशी पायरीवर बसून ऐकत होती. आडनावाशी हसरी अडली, तेव्हा मावशीनेच पुढचं अक्षर सांगितलं.

"हे मी तुला देणार नाही आता," हसरी आतून म्हणाली. "उद्या कचेरीत पोचल्यावर देईन."

"ठेव," मावशी म्हणाली. "तुझ्याजवळच ठेव."

"आणि कचेरीत तू आत येणार, की बाहेर दार सांभाळत बसणार?"

"आत येणार."

दार काही त्या संध्याकाळी उघडलं नाही. मावशी उठली आणि रिकाम्या हातांनी घरी गेली.